बालहृदयाची नोंद : कोलकाता, बेहाला आणि एका अभ्यासाचा इतिहास

बालहृदयरोग या एका नावाखाली वैद्यकशास्त्र दोन भिन्न कुळांतील व्याधी एकत्र ठेवते. पहिल्या कुळातील दोष गर्भात, हृदय घडत असतानाच निर्माण होतात आणि त्यांना जन्मजात हृदयदोष म्हणतात. दुसऱ्या कुळातील व्याधी जन्मतः निरोगी असलेल्या हृदयाला साधारणपणे पाच ते पंधरा या वयात जडते, घशाच्या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्यातून सुरू होते आणि हळूहळू हृदयाच्या झडपा निकामी करते. तिला संधिवातज हृदयरोग असे नाव आहे. या दोन्ही कुळांचा भारतातील इतिहास लिहिताना कोलकात्याला वळसा घालून जाता येत नाही, कारण आधुनिक शवविच्छेदनाची भारतातील सुरुवात याच शहरात झाली, संधिवातज हृदयरोग या देशात जवळजवळ नाहीच असा निष्कर्षही याच शहरातील नोंदींवरून काढला गेला, आणि पुढे तो निष्कर्ष खोटा ठरवण्याच्या कामातही इथल्या वैद्यांचा वाटा राहिला. औषधे आणि शस्त्रक्रिया यांची प्रगती या इतिहासात आहेच, परंतु त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो नोंदीचा, म्हणजे कोणाचे हृदय तपासले गेले, कोणाचे मोजले गेले आणि कोणाचे मोजणीत आलेच नाही याचा.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी शहराच्या मध्यभागापेक्षा त्याचा एक कडेचा भाग अधिक उपयोगी पडतो. बेहाला हा कोलकात्याच्या नैर्ऋत्येकडील विस्तीर्ण, दाट वस्तीचा भाग असून खिदिरपूरहून दक्षिणेकडे निघालेला डायमंड हार्बर रोड माझेरहाटचा पूल ओलांडून याच भागातून जातो आणि पुढे जोका मागे टाकून दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांकडे उतरतो. १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, गोविंदपूर आणि कोलिकाता या तीन गावांचे हक्क ज्या सावर्ण राय चौधरी घराण्याकडून मिळवले, ते घराणे याच बेहालातील बडिशाचे. महानगराला जमीन देणाऱ्या घराण्याचा हा परिसर प्रशासनाच्या दृष्टीने मात्र १९८४ पर्यंत कोलकाता महापालिकेच्या बाहेर, साउथ सबर्बन म्युनिसिपालिटीच्या हद्दीत होता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींनी महानगराच्या दक्षिण कडेची वस्ती झपाट्याने वाढली, आणि एका खोलीत सारे कुटुंब झोपणे ही तिथली नित्याची राहणी झाली. घशातील जंतूंचा एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे होणारा प्रवास अशाच राहणीत सर्वांत सोपा असतो. बेहालाकडे पाहताना हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

भारतीय परंपरेत गर्भातील हृदयाचा विचार फार प्राचीन आहे आणि मराठी भाषेने त्याची खूण आजही जपली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्यामुळे त्याला इच्छा उत्पन्न होतात आणि स्वतःचे व गर्भाचे अशी दोन हृदये धारण करणारी ती स्त्री दौहृदिनी म्हणवली जाते, असे प्रतिपादन आहे. चरकसंहितेत हाच बदल तिसऱ्या महिन्यात सांगितला आहे. या दौहृदापासून दोहद आणि दोहदापासून डोहाळे, अशी शब्दाची वाट परंपरेने सांगितली जाते. ज्या घरात डोहाळजेवण होते त्या घरात, नकळत का होईना, गर्भाच्या हृदयाचाच सोहळा होत असतो. आधुनिक भ्रूणविज्ञान, म्हणजे गर्भाच्या घडणीचा अभ्यास करणारे शास्त्र, या कालगणनेत एक महत्त्वाची दुरुस्ती करते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पेशींच्या दोन बारीक नळ्या एकत्र येऊन एकच नळी बनते, सुमारे बाविसाव्या दिवशी ती स्पंदन पावू लागते, चौथ्या आठवड्यात ती उजवीकडे वळून स्वतःभोवती मुरड घालते, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत तिच्यात पडदे उभे राहून वरच्या दोन कर्णिका आणि खालच्या दोन जवनिका असे चार कप्पे तयार होतात. डोहाळे लागण्याच्या सुमारास, अनेकदा तर आईला दिवस गेल्याची खात्री पटण्याच्या आधीच, हृदयाच्या रचनेतील बहुतेक घडामोडी पार पडलेल्या असतात. जन्मजात दोष टाळणे इतके कठीण का, याचे पहिले कारण हेच आहे.

कोलकात्यात १८३५ साली मेडिकल कॉलेजची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी मधुसूदन गुप्त यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह मानवी शवाचे विच्छेदन केले. जातिधर्माच्या बंधनांना न जुमानता केलेल्या त्या कृतीचे स्मरण वैद्यकाच्या इतिहासात योग्यच ठेवले जाते. त्यानंतरच्या काळात कॉलेजच्या रुग्णालयात मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी नियमितपणे ठेवल्या जाऊ लागल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक लिओनार्ड रॉजर्स यांनी त्या नोंदींचे परिश्रमपूर्वक विश्लेषण केले. काळा आजार, आमांश आणि पटकी यांवरील रॉजर्स यांच्या कामाने असंख्य जीव वाचले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९१० साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्यांनी या नोंदींतील निष्कर्ष मांडले, आणि युरोपात मुलांना व तरुणांना पछाडणारा संधिवातज हृदयरोग बंगालमध्ये अत्यंत विरळा आहे, असे मत त्यातून रूढ झाले. उष्ण हवेत हा रोग होत नाही, तो थंड आणि दमट देशांचा रोग आहे, ही समजूत पुढे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत टिकली आणि भारतीय विद्यार्थी ती जशीच्या तशी पाठ करत राहिले.

रॉजर्स यांच्या नोंदी खोट्या नव्हत्या आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारणही नाही. दोष होता तो कोणत्या शवांवरून कोणत्या समाजाविषयी बोलायचे या निवडीत. सरकारी रुग्णालयात येऊन मरणारी माणसे म्हणजे सारे शहर नव्हे. मुले, विशेषतः मुली, घरातच आजारी पडत आणि घरातच मरत. त्यांची धाप, पायावरची सूज आणि सांध्यांचे ठणके यांची नोंद कोणत्याही वहीत होत नसे. शिवाय ज्या तापातून हा हृदयरोग उद्भवतो त्या संधिवातज्वराचे स्वरूपच फसवे असते: घशाच्या दुखण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी वेदना काही दिवसांत निघून जाते, घरचे लोक तिला वाढत्या वयाचे दुखणे समजून विसरतात, आणि हृदयाच्या झडपांवर सुरू झालेली इजा मागे राहते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तान्ह्या मुलाची धाप ‘डबा’ या एकाच नावाने ओळखली जाई आणि काही भागांत त्यावर उपाय म्हणून पोटाला डाग दिला जाई. ती धाप फुप्फुसाची की हृदयाची, हा भेद करण्याचे साधन लोकांजवळ नव्हते, आणि ज्यांच्याजवळ होते ते लोकांपर्यंत पोचत नव्हते. जिथे कोणी पाहतच नाही तिथे रोगही आढळत नाही, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडली आहे, परंतु भारतीय मुलांच्या हृदयाइतकी मोठी किंमत फार थोड्या ठिकाणी मोजावी लागली असेल.

१९३० च्या दशकात हे मत ढासळू लागले. कोलकात्यात डॉ. जे. सी. बॅनर्जी आणि दक्षिणेत डॉ. पी. कुटुंबय्या यांनी आपल्या रुग्णांच्या निरीक्षणांवरून हा रोग भारतीयांत, आणि भारतीय मुलांतही, सर्रास आढळतो हे दाखवायला सुरुवात केली, तर मुंबईत डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी भारतातील हृदयरोगांच्या प्रमाणाविषयी लिहिताना तोच मुद्दा पुढे नेला. याच दशकात, १९३३ साली, डॉ. के. सी. चौधुरी यांनी कोलकात्यातून ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’ हे बालरोगांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले, म्हणजे मुलांविषयीच्या निरीक्षणांना छापील जागा मिळाली. १९४६ साली कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही हृदयरोगतज्ज्ञांची संस्था कोलकात्यातच स्थापन झाली आणि १९५६ साली चौधुरी यांच्याच पुढाकाराने इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ ही केवळ मुलांच्या आरोग्यासाठीची संस्था उभी राहिली. या तिन्ही घटना एकत्र पाहिल्या की लक्षात येते की ज्या शहराच्या नोंदवह्यांनी मुलांचे हृदय वगळले होते, त्याच शहराने ते पुन्हा नोंदीत आणण्याची साधनेही उभी केली.

अखेरचा घाव १९६३ साली बसला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात भारतातील किशोरवयीन मिट्रल स्टेनोसिसविषयी लेख प्रसिद्ध केला. मिट्रल ही हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप, आणि स्टेनोसिस म्हणजे तिचे तोंड आवळणे. पाश्चात्त्य देशांत ज्वरानंतर ही झडप इतकी आवळायला दोन-दोन दशके लागत आणि रुग्ण मध्यम वयात दवाखान्यात येई. रॉय यांनी दाखवून दिले की भारतात विशीच्या आतल्या मुलामुलींत ती अत्यंत अरुंद झालेली आढळते, त्यामुळे फुप्फुसांतील रक्तदाब धोकादायक पातळीला जातो आणि खेळण्याच्या वयात मूल जिना चढू शकत नाही. रोग दुर्मीळ नव्हता, उलट इथे तो अधिक वेगाने आणि अधिक लहान वयात आपले काम उरकत होता. याचे संभाव्य कारण म्हणजे उपचाराविना पुन्हा पुन्हा होणारा घशाचा संसर्ग, म्हणजे दाट वस्ती, अपुरे पोषण आणि औषधाचा अभाव. रोगाला प्रतिबंध करणारे औषध तोवर भारतात तयार होऊ लागले होते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले होते, आणि एकदा संधिवातज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनची सुई दिली तर पुढचे झटके टळतात, हे सिद्ध झालेले होते. सुई स्वस्त होती. कठीण होते ते दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, त्या मुलापर्यंत पोचणे.

जन्मजात दोषांच्या इतिहासात बेहालाचा संबंध अनपेक्षित बाजूने येतो. १८९७ साली लालबिहारी शाह यांनी स्थापन केलेली कलकत्ता ब्लाइंड स्कूल ही अंध मुलांची शाळा आज बेहालात आहे, आणि पूर्व भारतातील अंधशिक्षणाच्या इतिहासात तिचे स्थान मानाचे आहे. अंधत्व आणि हृदयदोष यांचा काही संबंध असू शकेल अशी कल्पना ती स्थापन झाली तेव्हा जगात कोणालाही नव्हती. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यांतील बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे अंगावर बारीक पुरळ आणणारा एक सौम्य विषाणुजन्य ताप, येऊन गेला होता हे निदर्शनास आणले. त्या बालकांपैकी अनेकांना हृदयदोषही होता. बाहेरून आलेला विषाणू गर्भाच्या हृदयाची घडण बिघडवू शकतो, हे यातून प्रथमच स्पष्टपणे कळले आणि जन्मजात दोष म्हणजे केवळ दैव किंवा रक्तातील खोट, या समजुतीला तडा गेला.

रुबेलामुळे होणाऱ्या हृदयदोषांपैकी एक नेहमी आढळणारा दोष गर्भातील एका तात्पुरत्या वाटेशी निगडित असतो. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसल्यामुळे त्यांच्याकडे जाणारे रक्त एका आखूड नळीतून थेट महारोहिणीत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीत, वळवलेले असते. जन्मानंतर काही दिवसांत ही नळी आपोआप मिटते. ती उघडीच राहिली तर रक्त उलट फुप्फुसांत शिरते, बाळ दूध पिताना घामाघूम होते, वजन वाढत नाही आणि छातीत वारंवार संसर्ग होतो. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली सात वर्षांच्या मुलीची अशी नळी बांधून बंद केली, आणि जन्मजात हृदयदोषावरील यशस्वी शस्त्रक्रियांचा आरंभ त्या दिवसापासून धरला जातो. परंतु रुबेलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेहून मोठा उपाय लस हाच आहे, कारण ती डोळे, कान आणि हृदय तिन्हींचे एकाच वेळी रक्षण करते. भारतात गोवर आणि रुबेला यांच्या संयुक्त लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये ज्या पहिल्या पाच राज्य-केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली त्यांत गोवा होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि पश्चिम बंगालमध्ये जानेवारी २०२३ मध्ये राबवली गेली. ग्रेग यांच्या लेखापासून बेहालाच्या शाळांमधील मुलांच्या दंडापर्यंत ही गोष्ट पोचायला ८२ वर्षे लागली, ही नोंद इतिहासलेखकाने तरी करून ठेवली पाहिजे.

हृदय कसे घडते याचे प्रत्यक्ष निरीक्षण माणसाच्या गर्भात करता येत नाही, म्हणून अभ्यासकांनी प्राचीन काळापासून कोंबडीच्या अंड्याचा आधार घेतला. ॲरिस्टॉटलने अंड्यातील धडधडणारा लाल ठिपका पाहिला होता, आणि रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांनीही तो पाहिला. महाराष्ट्रात या परंपरेचे धागे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जुळले. एडिंबरा येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्यासोबत काम करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांची परंपरा तिथे रुजवली आणि विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. त्यांचा विषय केवळ हृदय नव्हता, एक पेशीसमूह शेजारच्या पेशीसमूहाला कोणता अवयव बनायचे हे कसे सुचवतो, हा होता. परंतु अंड्यातून काढून काचेच्या बशीत वाढवलेल्या त्या भ्रूणात हृदयाची नळी जुळताना आणि पहिले स्पंदन होताना पाहणे, हा अशा प्रयोगशाळांतील रोजचा अनुभव असतो. कोंबडीच्या भ्रूणावरच १९८३ साली अमेरिकेच्या मार्गारेट कर्बी यांनी दाखवले की मज्जासंस्थेच्या कडेला जन्मणाऱ्या काही पेशी प्रवास करत हृदयापर्यंत येतात आणि महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांना वेगळे करणारा पडदा उभारण्यात भाग घेतात. त्या काढून टाकल्या तर दोन्ही वाहिन्या एकच राहतात. हृदयदोषाबरोबर चेहऱ्याची ठेवण किंवा टाळू यांतही काही मुलांत वेगळेपण का दिसते, याचे उत्तर या प्रवासात आहे, कारण चेहरा घडवणाऱ्या पेशीही त्याच मूळस्थानाहून निघतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयाच्या घडणीचे नियंत्रण करणारी काही जनुके माणसातही ओळखली गेली आणि काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या पडद्याच्या छिद्रांचे मूळ सापडले. तरीही बहुसंख्य मुलांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही, आणि आईने ग्रहणात काही कापले किंवा काही खाल्ले म्हणून असे झाले, या दोषारोपाला शास्त्रात कोणताही आधार नाही.

शस्त्रक्रियेचा जागतिक इतिहास सुपरिचित असल्यामुळे त्यातील थोडेच टप्पे इथे पुरेत. १८८८ साली फ्रान्समधील मार्सेयच्या फॅलो यांनी चार दोष एकत्र असलेल्या निळ्या मुलांचे वर्णन केले. ही मुले धावता धावता थांबून उकिडवी बसतात, कारण तसे बसल्याने फुप्फुसांकडे जाणारे रक्त थोडे वाढते आणि त्यांना बरे वाटते. १९४४ साली बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांचे प्रयोग आणि आल्फ्रेड ब्लेलॉक यांचा हात यांतून या मुलांवरील पहिली शस्त्रक्रिया साकारली. भारतात हृदयरोगशास्त्राची घडी बसवणाऱ्या डॉ. पद्मावती यांनी टॉसिग यांच्याकडेच प्रशिक्षण घेतले होते. १९५३ साली हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून आतील छिद्र शिवता येऊ लागले आणि पुढच्या दशकात वेल्लूर, मुंबई यांसारख्या भारतीय केंद्रांत तशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. कोलकात्यात डॉ. अजितकुमार बसू यांनी पूर्व भारतातील हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे काम या संदर्भात अधिक विस्ताराने सांगण्यासारखे आहे. १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण करणारे शल्यविशारद म्हणून ते ओळखले जातात, परंतु त्यांच्या विचाराची खोली १९६५ सालच्या एका वेगळ्या प्रयोगात दिसते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त बऱ्याच अंशी आतल्या कप्प्यातूनच, बारीक पोकळ्यांवाटे मिळते; माणसाच्या गर्भातील हृदयही आपल्या आरंभीच्या अवस्थेत याच रीतीने पोसले जाते आणि मग त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तयार होतात. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयाच्या स्नायूला बारीक छिद्रे पाडून ही जुनी वाट पुन्हा उघडता येईल का, हे तपासले. पुढे लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याची पद्धत परदेशात प्रचारात आली तेव्हा तिचा पूर्वसूरी म्हणून परळच्या या प्रयोगाचा उल्लेख होऊ लागला. प्रौढांच्या रोगावरचा उपाय गर्भाच्या हृदयाकडून शिकण्याची ही दृष्टी त्या काळात जगातही विरळ होती.

कोलकात्यातील बालहृदयशस्त्रक्रियेला नवे वळण लागले ते बेहालापासून फार दूर नसलेल्या अलीपूर येथे. १९८९ साली तिथे बी. एम. बिर्ला हार्ट रिसर्च सेंटर सुरू झाले आणि लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधून डॉ. देवी शेट्टी तिथे आले. १९९२ साली त्यांनी काही दिवसांच्या बालकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया केली; नवजात अर्भकावरील ही देशातील पहिली हृदयशस्त्रक्रिया म्हणून सांगितली जाते. नवजाताचे हृदय अक्रोडाएवढे असते, त्याचे रक्त इतके थोडे असते की यंत्राच्या नळ्या भरण्यासाठी लागणारा द्रवच त्याहून अधिक भरतो, आणि शस्त्रक्रियेनंतरची रात्र शल्यविशारदापेक्षा परिचारिकांच्या कौशल्यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच ही घटना एका डॉक्टरच्या नावावर असली तरी ती खऱ्या अर्थाने एका संपूर्ण पथकाच्या तयारीची साक्ष आहे. २००० साली शहराच्या पूर्वेकडील मुकुंदपूर येथे रवींद्रनाथ टागोर यांच्या नावाची हृदयचिकित्सा संस्था सुरू झाली आणि बंगालबरोबरच ईशान्येकडील राज्ये व बांगलादेश येथील मुलेही उपचारांसाठी कोलकात्यात येऊ लागली. बंगाली आईवडील या दोषाला सरळ ‘हार्टे फुटो’ म्हणतात, जसे मराठी घरांत ‘हृदयाला छिद्र’ म्हणतात; दोन्ही भाषांत शब्द साधाच आहे, आणि तो ऐकल्यावर घरात होणारी शांतताही सारखीच.

ज्ञान आणि कौशल्य यांची ही वाटचाल पूर्ण झाली तरी बेहालाचा मूळ प्रश्न उरतो. या भागातील विद्यासागर स्टेट जनरल हॉस्पिटल हे सर्वसाधारण सरकारी रुग्णालय आहे. हृदयाच्या विशेष उपचारांसाठी मुलाला डायमंड हार्बर रोडनेच उत्तरेकडे न्यावे लागते, आणि खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्यांना तर त्याआधी कित्येक तासांचा प्रवास करावा लागतो. ४ सप्टेंबर २०१८ रोजी माझेरहाटचा पूल कोसळला आणि डिसेंबर २०२० मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ या मार्गावरची वाहतूक वळसे घेत राहिली. ज्या बाळाचे ओठ निळे पडले आहेत त्याच्या आईच्या लेखी हृदयरोगशास्त्राची सारी प्रगती त्या वळशाच्या पलीकडे होती.

नोंदीच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल मात्र रुग्णालयात नव्हे, अंगणवाडी आणि शाळेत घडला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार बाजूंनी तपासणी करणारा हा कार्यक्रम असून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी त्यात अपेक्षित आहे. त्याच्या तीस व्याधींच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि संधिवातज हृदयरोग ही दोन्ही नावे आहेत, म्हणजे या लेखाच्या आरंभी वेगळी केलेली दोन्ही कुळे एकाच कागदावर आली आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिम बंगाल सरकारने ‘शिशुसाथी’ ही योजना सुरू केली, जिच्यातून जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर सरकारी आणि निवडक खासगी रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. महाराष्ट्रात १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून हृदयशस्त्रक्रियेचा खर्च गरीब कुटुंबांच्या डोक्यावरून उतरवण्याचे प्रयत्न सुरू होते आणि आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ते चालू आहेत. भारतात दर हजार जन्मांमागे आठ ते दहा बालकांना जन्मजात हृदयदोष असतो असा अंदाज आहे, म्हणजे दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके; त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचारांची निकड असते. या सर्वांना पुरतील इतकी केंद्रे देशात आजही नाहीत, आणि जी आहेत ती मोजक्या शहरांत एकवटलेली आहेत.

तान्हे बाळ दूध ओढताना थांबून थांबून दम घेत असेल, पिताना त्याच्या कपाळावर घाम येत असेल, रडताना ओठ आणि नखे निळी पडत असतील, किंवा शाळकरी मुलाच्या घशाच्या दुखण्यानंतर सांधे एकामागून एक सुजत असतील, तर त्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून घेण्यात एका दिवसाचाही उशीर करू नये. ही तपासणी अंगणवाडीत, सरकारी शाळेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते.